मीठ काढलेले दगड

१

वानजिंगचा मूर्खपणा आधीच सांगून टाकलेला बरा. ती स्वतःही तेच करते. कोणी विचारलं तर म्हणते, "आईपासून एक गोष्ट लपवायची होती. म्हणून ती काचेच्या पेटीत घातली, वर दिवे लावले आणि आईच्या पलंगासमोर ठेवली." ऐकणारे हसतात. तीही हसते, आणि चहा टाकायला उठते. आई आता कशी आहे असं कोणी विचारलं, तर आतूनच सांगते, घरी गेली.

लपवायची गोष्ट म्हणजे तेच घर. पंगहू बेटावरचं, पोवळ्याच्या दगडांचं, बुटकं, वाऱ्याकडे पाठ करून बसलेलं. आई तिथे एकटी राहायची. उन्हाळ्यात ती अंगणात पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि वानजिंग तिला बोटीने काओश्युंग शहरात, सातव्या मजल्यावरच्या आपल्या घरी घेऊन आली. हाड जुळलं की परत जायचं, असं ठरलं होतं. हाड जुळायच्या आत दादाने घर विकलं, आणि घेणाऱ्याने ते पाडूनही टाकलं.

दादा म्हणजे थ्येनफू. बेटावरच्याच मागोंग बंदरावर पर्यटकांना स्कूटर भाड्याने देतो. वानजिंग फोनवर त्याच्यावर उखडली तेव्हा तो तिला घरच्या नावाने हाक मारत शांतपणे म्हणाला, "पूर्वजांपुढे कौल लावला होता, आजिंग. त्यांनी हो म्हटलं."

"कितव्या वेळी?"

"हो म्हणेपर्यंत लावला."

आईला सांगायचं कोणी, यावर मात्र बहीणभावाचं लगेच एकमत झालं. सांगायचंच नाही.

त्यामुळे रोज दिवेलागणीला वानजिंगची परीक्षा असायची. आई उशीवर मान वळवून विचारायची, "दार कोण लावतं?" बेटावर थंडीत ईशान्येचा वारा सुटतो तेव्हा दार नीट लावलं नाही तर सकाळी घरात वाळूचे ढीग सापडतात. वानजिंग म्हणायची, दादा लावतो. रोज जातो.

"रोज?"

"रोज."

"त्याला स्वतःच्या चड्डीची नाडी बांधता यायची नाही," आई म्हणायची, आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

हाड जुळलं, पण आई उठेना. रताळं घालून केलेली पेज तिला जीव की प्राण, तीही दोन चमचे खाऊन बाजूला ठेवायची. दिवसेंदिवस ती थोडी थोडी कमी होत चालली होती, साबणाच्या वडीसारखी. वानजिंगने एकदा तिला चाकाच्या खुर्चीतून समुद्र दाखवायला नेलं. आईने क्रेन बघितल्या, कंटेनर बघितले. म्हणाली, "हा समुद्र नाही. हे बंदर आहे." घरी आल्यावर विचारलं, "इथे पाणी कुठे आहे?"

"नळाला आहे की," वानजिंग म्हणाली. तिला वाटलं आई हसेल.

२

वानजिंग दातांच्या कवळ्या बनवते. तिचं कामाचं टेबल बाहेरच्या खोलीत, आई आतल्या खोलीत, आणि मधल्या भिंतीत एक जुनी बंद खिडकी. त्या खिडकीच्या जागी समुद्राच्या पाण्याची टाकी बसवायची, म्हणजे आईला पलंगावरून समुद्र दिसेल आणि आपल्याला टेबलावरून आई दिसेल, ही कल्पना तिला मेणाचे दात कोरताना सुचली. आणि सुचल्यावर ती स्वतःवर इतकी खूश झाली, की तिने त्या दिवशी एका म्हाताऱ्याची खालची कवळी वरच्या कवळीच्या जागी कोरली.

टाकी मापाने बनवून घेतली. जाड काच, दोन्ही बाजूंनी उघडी. खाली कपाटात दुसरी छोटी टाकी. वरचं पाणी काठावरून खाली सांडतं, तिथे यंत्राने त्यातला फेस निघतो, आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. हे सगळं तिला ल्वोने शिकवलं. ल्वो तिशीतला, गल्लीच्या तोंडाशी त्याचं माशांचं दुकान, आणि जीभ अशी की गिऱ्हाईक पुन्हा येऊ नये. पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, एवढ्या खर्चात पाळणाघर काढून झालं असतं."

दगड कुठून आणायचे, हा प्रश्न होता. दुकानातले महाग. त्याच आठवड्यात तिला घरविक्रीच्या कागदांवर सही करायला बेटावर जावं लागलं, आणि घराच्या जागेमागे तिने दगडांचा ढीग पाहिला. घराचाच. भरावात टाकायला ठेवलेला. दादा म्हणाला, हवे तेवढे ने, ट्रकचा फेरा वाचेल. इथे तीन मजली लॉज होणार आहे, प्रत्येक खोलीतून समुद्र. "आईलाही एक खोली देतील," तो म्हणाला. "भाड्याने."

तिने माशांच्या खोक्यांत दगड भरले आणि बोटीवर चढवले. मूर्खपणाचा कळस इथे आहे. तिला खरंच वाटलं होतं, की दगड म्हणजे दगड.

ल्वोने एक हातात घेतला, नखाने खरवडला, हुंगला. खूश झाला. "पूर्ण मेलेला आहे. ह्यातला समुद्र केव्हाच गेला."

जाणारच. बेटावर घर बांधायचं तर आधी दगड समुद्रातून काढतात आणि गल्लीत उघड्यावर रचून ठेवतात. पावसाळ्यामागून पावसाळे त्यांच्यावरून जातात, शेवटचं मीठ धुऊन निघतं, तेव्हा कुठे ते भिंतीत घालतात. खारा दगड घातला तर भिंत जन्मभर घाम गाळते. वानजिंगच्या वडिलांचं लग्न ह्याच दगडांपायी लांबलं होतं. आई सांगायची, तुझा बाप रोज संध्याकाळी दगड चाटून बघायचा, आणि माझी आई म्हणायची, आता पोरीलाही चाटून बघेल की काय.

तिने मिठाचं पाणी बनवलं. दगड एकावर एक रचून मधे मोठी कमान सोडली, आईचा चेहरा दिसेल अशी, आणि त्यांचे सांधे दातांच्या कामातल्याच मळून लावायच्या पुटीने पक्के केले. टाकी पिकायला, म्हणजे पाणी माशांना मानवेल असं व्हायला, आठवडे लागले. पाणी आधी गढूळ झालं, मग तपकिरी, मग एका सकाळी असं स्वच्छ झालं की टाकीत पाणी आहे की नाही कळेना. मग गोगलगायी आल्या, मग पिवळे आणि निळे मासे, मग बोटाएवढी जिवंत पोवळी.

आईने पलंगावरून बराच वेळ बघितलं.

"एवढं पाणी," ती म्हणाली, "आणि तळण्यासारखं काही नाही."

पण त्या दिवशी तिने वाटीभर पेज खाल्ली.

३

टाकीचं एक साधं गणित असतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज थोडं गोडं पाणी वरून घालायचं. वानजिंगने खालच्या टाकीवर प्लास्टरवर खुणा करायच्या पेन्सिलीने रेघ मारली होती. सकाळी पाणी रेघेच्या खाली असायचं, ती रेघेपर्यंत भरायची, मग कामाला बसायची.

एका सकाळी पाणी रेघेच्या वर होतं. बोटभर.

ती स्वतःवर हसली. आदल्या दिवशी दोनदा घातलं असेल. चाळिशीनंतर ती बऱ्याच गोष्टी दोनदा करत होती, आणि बऱ्याच एकदाही नाही. तिने त्या दिवशी पाणी घातलंच नाही. दुसऱ्या सकाळी दोन बोटं वर.

मग तिला वाटलं, आई घालत असेल. विचारलं. आई म्हणाली, "मला स्वतःला प्यायला हवं तर तुला हाक मारावी लागते. मी तुझ्या माशांना पाणी पाजू?"

कोणी नळाचं पाणी घातलं असतं तर टाकीतलं मीठ पातळ झालं असतं. वानजिंगने भिंगाच्या नळीत थेंब टाकून मोजलं. बरोबर समुद्राएवढं. पुन्हा मोजलं. तेवढंच. म्हणजे जे पाणी येत होतं ते खारट होतं, आणि मिठाचं पोतं तर तिच्या टेबलाखाली होतं, तिच्याच गाठीने बांधलेलं.

ल्वोला फोन केला. तो म्हणाला, "ताई, लोक पाणी उडतं म्हणून रडतात. वाढतं म्हणून रडणाऱ्या तुम्ही पहिल्या." मग म्हणाला, भिंतीतला पाइप फुटला असेल. वानजिंगने भिंतीला हात लावला. भिंत कोरडी होती.

पण टाकीतले दगड, पाण्याच्या वर जेवढे डोकावत होते तेवढे, ओले होते. त्यांच्यावर बारीक थेंब आले होते, ताप उतरत असलेल्या माणसाच्या कपाळावर येतात तसे.

४

आई सुधारू लागली.

हे लिहायला सोपं आहे. बघायला किती गोड होतं ते वानजिंगलाच ठाऊक. आई उठून बसली. मग काठी घेऊन पलंगापासून टाकीपर्यंत आली. मग खुर्ची ओढून टाकीसमोर बसायला लागली, आणि पेज संपवून वाटी पुढे करायला लागली. वानजिंगने बनवून दिलेली कवळी आई एरवी नावं ठेवत घालायची, हिने चव कळत नाही म्हणायची. आता म्हणाली, "बरी आहे. मीठ लागतंय."

एका दुपारी आईने हाक मारली. "आजिंग, ओहोटी लागली बघ."

वानजिंग हातातलं मेण तसंच घेऊन उठली. वरच्या टाकीचं पाणी अर्ध्याच्या खाली गेलं होतं. दगडांची डोकी उघडी पडून निथळत होती. मासे तळाच्या डबक्यात एकमेकांना चिकटून उभे होते. पंप चालू होता. तो चालू असताना वरचं पाणी काठाखाली जाऊच शकत नाही, हे तिला आता ल्वोइतकंच कळत होतं. तिने खालचं कपाट उघडलं. खालची टाकीही जेमतेम अर्धी. जमीन कोरडी. पाणी गेलं कुठे?

ती फोन शोधायला गेली. परत आली तेव्हा पाणी दगडांच्या खांद्यापर्यंत चढलं होतं, आवाज न करता.

"एवढी कसली घाबरतेस," आई म्हणाली. "जातं तसं येतं."

वानजिंगने स्वतःला समजावलं. पंपाची झडप अडकली असेल. पाणी पाइपात राहिलं असेल. आई तिथेच काचेला नाक लावून बसली होती. जरा वेळाने तिने काठीचं टोक एका दगडावर टेकवलं.

"हे दगड कुठून आणलेस?"

"दुकानातून."

"चांगलं दुकान आहे," आई म्हणाली. "आपल्या चुलीमागचा धूरसुद्धा तसाच ठेवलाय त्याने."

वानजिंगने बघितलं. दगडाची एक बाजू काळी होती. शेवाळ असेल म्हणून तिने ती कितीदा ब्रशने घासली होती. ती वाट बघत राहिली, आता आई विचारेल, आता रडेल, आता शिव्या देईल. आईने वाटी पुढे केली आणि अजून पेज मागितली.

त्या दिवसापासून दिवेलागणीला आईने दाराबद्दल विचारणं बंद केलं. वानजिंगला आधी सुटल्यासारखं वाटलं. ती इतकी खूश झाली की तिने दादाला फोन करून सांगितलं, आई रुळली. दादा म्हणाला, मी म्हटलं नव्हतं?

५

मग कमान लहान झाली.

तिने आपल्या हाताने सोडलेली मोकळी जागा होती ती. टेबलावरून मान वर केली की त्यातून आईचा पलंग, उशी, उशीवरचं पांढरं डोकं, सगळं दिसायचं. आता उशी दिसत नव्हती. तिला वाटलं आपणच खुर्ची हलवली. खुर्चीच्या पायाभोवती तिने फरशीवर पेन्सिलीने गोल काढले. खुर्ची गोलातच राहिली, आणि काही दिवसांनी पलंगही दिसेना.

दगड सरकले नव्हते. वाढलेही नव्हते. निदान ती बघत असताना नाही. फक्त तिने रचलेल्या ओबडधोबड ढिगाऱ्याला कड येत होती. एकावर एक ओळ, सांध्यावर सांधा सोडून. ढिगारा असा दिसत नाही. भिंत अशी दिसते.

आईच्या खोलीत फरशीवर मिठाचे पांढरे डाग पडू लागले, टाकीपासून पलंगापर्यंत, पावलांच्या अंतरावर. आईच्या पायजम्याची टोकं ओली असायची. एकदा हात धुवायच्या भांड्यात मूठभर तिसऱ्या सापडल्या, तोंड मिटलेल्या, जिवंत. वानजिंगने काही विचारलं नाही. तिने त्या आलं घालून उकडल्या, आणि दोघींनी खाल्ल्या. बाजारात मिळतात त्यापेक्षा चांगल्या होत्या. ती स्वतःला नंतर कितीदा म्हणाली, तेव्हा तरी विचारायचं होतंस. पण आई बोटं चाटत होती. किती महिन्यांनी.

त्यानंतरची ती दुपार. ऊन होतं, खालच्या गल्लीत कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजत होतं. वानजिंग एका बाईच्या कवळीत पुढचे दात बसवत होती. डोळ्यांना विश्रांती म्हणून तिने वर बघितलं. टाकीत ओहोटी होती.

उरलेल्या फटीतून, दगडांच्या पलीकडे, कोणीतरी वाकलेलं होतं.

बाई होती. बेटावरच्या बायका ओहोटीला शिंपले वेचायला जातात तशी, डोक्यावर बांबूची टोपी, तोंडाला फडकं गुंडाळलेलं, फक्त डोळे उघडे. ती वेचत होती. ती किती मोठी होती ते सांगता येणार नाही. नखाएवढी आणि जवळ असेल, किंवा माणसाएवढी आणि लांब. तिच्या फडक्याचं टोक एकसारखं फडफडत होतं. मग ती कंबरेवर मूठ आपटत सरळ झाली, दोनदा उजवीकडे, एकदा डावीकडे. ही सवय वानजिंगने एकाच माणसात बघितली होती.

ती धावत आतल्या खोलीत गेली. आई पलंगावर गाढ झोपलेली होती. तोंड उघडं, कवळी ग्लासात.

काच जाड असते, वानजिंगने स्वतःला सांगितलं. पाणी प्रकाश मोडतं. माणूस दिवसभर दुसऱ्यांचे दात बघत बसला तर काय वाटेल ते दिसेल.

तिने आईच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं, आणि वाऱ्यात उभं राहिल्यावर फुटते तशी डोळ्यांभोवतीची कातडी फुटली होती. बाकी सगळी मऊ. फडक्यातून उघडी राहते तेवढीच फुटलेली होती.

६

ल्वो आला तो थट्टेच्या तयारीनेच. खांद्यावर टॉवेल, हातात चिमटा. आईला बघून म्हणाला, "मावशी, तुमच्या मुलीने मला वेड लावायचं ठरवलंय." आई म्हणाली, "तुला लावायला फार कष्ट नाहीत."

त्याने पंप उघडला, झडप बघितली, पाइप बघितले. सगळं ठीक. मग टाकीकडे नीट बघितलं आणि विचारलं, दगड नव्याने कोणी रचले. एवढं सुबक काम दुकानात ठेवण्यासारखं आहे. वानजिंग म्हणाली, मी नाही. तो हसला.

मग त्याने बाही वर केली आणि तळाची वाळू तपासायला हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. दंडापर्यंत गेला. टाकी तेवढीच खोल होती, त्यानेच माप घेतलं होतं. हात खांद्यापर्यंत गेला, त्याचा गाल काचेच्या काठाला टेकला, आणि तो तसाच थांबला.

"काय झालं?" वानजिंगने विचारलं.

त्याचे डोळे काहीतरी ऐकत असल्यासारखे झाले होते.

"ताई," तो हळूच म्हणाला, "आत गार वारा लागतोय."

मग त्याने हात काढून घेतला. पंपाचा झोत असेल, म्हणाला. काचेमुळे खोली फसवते, म्हणाला. बोलता बोलता तो हात पुसत होता, पुन्हा पुन्हा, कोरडा झाल्यावरही. चहा घेतला नाही. चिमटा विसरून गेला. वानजिंगने नंतर फोन केले तेव्हा त्याने उचलले नाहीत. दुकानावरून गेली तर तो आतल्या बाजूला माशांना खाणं घालायला निघून जायचा.

खोलीत मागे ती आणि आई राहिल्या.

"चांगला मुलगा आहे," आई म्हणाली. "पण बुटांसकट घरात हात घालतो."

७

टाकी रिकामी करायची, हे उघड होतं. नळी लावायची, पाणी मोरीत सोडायचं, दगड पोत्यात भरून खाली ठेवायचे. एका सकाळचं काम.

पण टाकी रिकामी केली तर आई पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल. पुन्हा साबणाची वडी. आणि नाही केली तर? वानजिंग ह्या वाक्याच्या पुढे जात नसे. ती प्रत्येक वेळी उठून काहीतरी घासायला घ्यायची.

शेवटी तिने अर्धा मूर्खपणा करायचं ठरवलं. सगळे दगड नाहीत, एकच काढायचा. फटीवरचा, आडवा. म्हणजे आई पुन्हा दिसेल. आई न्हाणीघरात असताना तिने दोन्ही हात आत घातले आणि दगड धरला.

तो हलला नाही. तिने ओढला. सांध्यातून काहीतरी पांढरं तिच्या बोटांना लागलं. पुटी राखाडी होती, तिनेच मळलेली. हे पांढरं, मऊ होतं. तिने हुंगून बघितलं. शिंपले भाजून केलेला चुना.

"हात लावू नकोस," मागून आई म्हणाली. "अजून ओला आहे."

आई काठीशिवाय उभी होती. तिच्या नखांत पांढरं होतं.

वानजिंग हात पुसत राहिली. किती महिने घशात अडकलेलं वाक्य आता बाहेर काढलंच पाहिजे, असं तिला वाटलं. "आई, घराबद्दल सांगायचंय."

"आत्ता नको. ओहोटी आहे. काम पडलंय."

"आई, ऐक ना. ते घर—"

"तुझ्या बापाने ह्यातलं मीठ निघावं म्हणून माझं अर्धं तारुण्य वाट बघण्यात घालवलं," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर वानजिंगने तिच्या पायाशी बसून रडून घेतलं असतं. "आणि तू ते मीठ पोत्यातून आणून परत घातलंस."

मग वानजिंगने आयुष्यातला सगळ्यात मूर्ख प्रश्न विचारला, हसत, विषय हलका करायला विचारतात तसा. "हल्ली तू विचारत नाहीस ते, दार कोण लावतं म्हणून."

"दार अजून बसवलंच नाहीये," आई म्हणाली, आणि खुर्ची टाकीकडे ओढून घेतली.

८

त्या दिवशी वानजिंग कवळ्या पोचवायला दवाखान्यात गेली. आईच म्हणाली, जा, मी कुठे पळून जाते. परत यायला दुपार झाली. येताना तिने रताळी घेतली, आणि शिराळी दोडकी दिसली तीही घेतली, बेटावरची, आईच्या वेलावरच्यासारखी. खाली गल्लीत पान हलत नव्हतं. लिफ्ट सातव्या मजल्यावर उघडली आणि तिचे केस मागे उडाले.

वारा तिच्या दाराखालून येत होता. खारट, वाळू घेऊन.

कुलूप तिने लावलं तसंच होतं. घरात चुलीचा वास होता. तिच्याकडे चूल नव्हती. तिने टेबलाजवळ जाऊन टाकीत बघितलं. फट बुजली होती. ह्या काठापासून त्या काठापर्यंत नुसती भिंत, ओळीवर ओळ, सांधे चुन्याने भरलेले, आणि त्यावरून पाण्याचे थेंब ओघळत होते. मासे कुठे नव्हते.

आतल्या खोलीत पलंग आवरलेला होता. पांघरुणाची घडी. पायजम्याची घडी. काठी कोपऱ्यात. चाकाची खुर्ची भिंतीला लावलेली. उशाशी ग्लासात कवळी. जे जे काही वानजिंगने आईला आणून दिलं होतं, करून दिलं होतं, ते सगळं तिथे होतं. आईने स्वतःचं म्हणून बेटावरून एकच गोष्ट आणली होती, ते तोंडाला गुंडाळायचं फडकं. ते खुंटीवर नव्हतं.

तिने न्हाणीघर बघितलं. बाल्कनी बघितली. बाल्कनीतून खाली बघितलं, डोळे बारीक करून, आणि मग सावकाश. खाली एक माणूस स्कूटर धूत होता.

मग तिने आतल्या बाजूने टाकीकडे बघितलं.

ह्या बाजूला भिंतीत दार होतं. बुटकं, लाकडाचं, खालच्या कोपऱ्यात उंदराने कुरतडलेलं. त्याच्या फटीतून पिवळा उजेड येत होता. उजेडात मधूनच काहीतरी आडवं जायचं, घरात वावरणाऱ्या माणसाची सावली जाते तसं, चुलीपासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून चुलीपर्यंत.

वानजिंग गुडघ्यांवर बसली. काचेला तोंड लावलं. लहानपणी बाहेर उशीर झाला की ती अशीच दाराशी बसायची, आणि आई आतून बराच वेळ काही बोलायची नाही.

"आई," ती म्हणाली. "पेज तयार आहे. दोडकी आणलीत. बाहेर ये."

पेज तयार नव्हती. आयुष्यभराच्या सवयीने तिने हेही खोटंच सांगितलं.

"आई, मी येऊ का आत?"

सावली थांबली. पलीकडे कडी सरकल्याचा आवाज झाला. उघडली की लावली, ते कळलं नाही. मग दगडांमधून, मासे साफ करताना बोलायची त्याच आवाजात, आई म्हणाली,

"थ्येनफूला सांग, आता रोज यायची गरज नाही. दार मी आतून लावलंय."